मैनाबाईची बोलकी पेशी
मी मैनाबाईच्या मेंदूतली एक पेशी बोलतेय. डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर माझं घर. मूर्तिजापूरच्या बाजारात मैनाबाई भाजी घेऊन बसायची, तेव्हा तिला शब्द पुरवायचं काम माझं आणि माझ्या शेजारणींचं. "ये वं बाई, कवळी भेंडी घे," एवढं तिच्या तोंडून निघेपर्यंत आमची कोण धावपळ!

आम्ही एकमेकींशी ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या थेंबांनी बोलतो. थेंब पोचला की निरोप पोचला. आमच्या घरात कणगी मात्र नसते. रक्तानं साखर आणि प्राणवायू आणावा, तेव्हा चूल पेटणार. त्या चुलीच्या जोरावर दारातला पंप घरात शिरलेलं मीठ सतत बाहेर उपसतो.

एका सकाळी घरी भेंडी निवडताना मैनाबाईचा उजवा हात गळाला आणि तोंड वाकडं झालं. रक्ताची एक गाठ आमच्या गल्लीच्या तोंडाशी अडकली होती. आतल्या शेजारणींच्या चुली विझल्या, पंप थांबले आणि त्यांचं सगळं ग्लुटामेट बाहेर सांडलं. त्या पुरात माझी दारं उघडीच राहिली. कॅल्शियम आत घुसलं आणि माझीच विकरं माझ्या भिंती कुरतडायला लागली.

मी काठावरची. एका बारीक नळीतून थोडं रक्त मला मिळत होतं. तेवढ्यावर जीव राहतो, पण काम होत नाही. मला गुंगी आली. सांभाळलेले शब्द डोळ्यांसमोरून तरंगत जायला लागले. हळद, पाटाचं पाणी, बाळंतिणीचा शेक... एकालाही धरावंसं वाटेना. फार शांत वाटत होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"वारं गेलं हिच्या अंगावरून," तिचे मालक खुशालराव म्हणाले. "कबुतराच्या रक्तानं मालिश केली का उतरते."

कबुतर आणायला माणूस धाडला आणि तोवर सगळे तिचा हात चोळत बसले. अहो, हात तर धडधाकट होता! उपाशी आम्ही होतो.

सून आरती शेतातून आली. "मामाजी, बिमारी डोक्यात हाय, तुमी हात कावून चोळून राहिले? गाडी बोलवा. आत्ताच अकोल्याले नेऊ."

अकोल्यात डोक्याचा फोटो काढला, सुईतून औषध दिलं, गाठ विरघळली. रक्त आलं ते धाडकन. विझत्या चुलीवर फुंकर मारली की घर धुरानं भरतं, तसा प्राणवायूच जहरी झाला. कित्येक शेजारणी तेव्हा गेल्या. माझ्या भिंती कशाबशा टिकल्या.

आता मैनाबाई चालते, तिला सगळं समजतं, पण शब्द येत नाही. खुशालराव रोज तिला संत्र्याच्या फोडी भरवतात. "मी हात चोळत बसलो वं. माह्यामुळं तुई वाचा गेली," म्हणतात आणि डोळे पुसतात. तिला त्यांच्याशी बोलायचं असतं. ती तोंड उघडते आणि हाक माझ्यापर्यंत येते. मी थेंब सोडते, पण पुढची घरं रिकामी. म्हणून मी रोज एक नवा कोंब लांबवते, दूरच्या एखादीकडे.

तुमच्या घरी कुणाचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर चोळत बसू नका बाप्पा. लगेच गाडी काढा.

काल त्या दूरच्या एकीनं मला उत्तर दिलं. मैनाबाईनं तोंडाशी आलेली फोड हातानं मागे सारली, खुशालरावांच्या ओठांना लावली आणि म्हणाली, "खा."

ते किती वेळ रडत होते. बरं, मी निघते. दुसरा शब्द जुळवायचा आहे.