सोयाबीनच्या तेलाचा पहिला घाणा

कारखान्यात सोयाबीनचं तेल आलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना भूक लागली. तेव्हाच कोणीतरी शहाणपणा करून कारण विचारायला हवं होतं. पण भुकेची चौकशी कोण करतं?

आम्ही तान्ह्या मुलांखाली अंथरायच्या मऊ चटया करतो. प्लास्टिक मुळात कडक असतं. त्यात तेलासारखा एक द्रव घोटला, की ते मऊ पडतं. इतकी वर्षं हा द्रव खनिज तेलापासून केलेला असायचा. मग मालकीणबाईंच्या नातवाने आमच्याच चटईचा कोपरा चघळला आणि बाईंनी जाहीर केलं, की यापुढे द्रव सोयाबीनचा. तो भारी महाग होता, पण नातवापुढे कोणाचं चालतं?

माझे बाबा इथे मिक्सरवर आहेत. मिक्सरमध्ये एका वेळी जाणाऱ्या मालाला आम्ही घाणा म्हणतो. तो किती तापलाय हे सांगायला एक काटा आहे, पण तो लहरी, त्याचं कोणी मनावर घेत नाही. बाबा झाकण उघडायचे, वाकून वास घ्यायचे, मागे वळून सगळ्यांवर एक नजर टाकायचे आणि म्हणायचे, “सोड.” मग माल खाली रोलरवर जायचा. ती नजर कौतुकासाठी असावी असं मला वाटायचं. त्यांना सगळे ‘नाक’ म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

बाईंनी त्यांना साफ सांगितलं होतं. नव्या तेलात तुमचं नाक चाललं तर उत्तम, नाहीतर मी नवा काटा बसवते आणि तुम्ही पॅकिंगला जा. पॅकिंगमध्ये चटया पिशवीत घालतात. बाबांच्या मते ते काम माणसाचं नाही, पिशवीचंच आहे. आठवडाभर ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत. घरात त्यांच्याखेरीज मी एकटीच असते, तेव्हा हे माझ्याच वाट्याला आलं.

पहिल्या घाण्याला बाई स्वतः उभ्या राहिल्या. झाकण उघडलं आणि घरात काहीतरी तळायला घ्यावं तसा वास सुटला. रोलरवाल्याचा चेहरा खुलला. पोती ओतणाऱ्या पोतीवाल्याने आज जेवण लवकर आहे का म्हणून विचारलं. बाबा वाकले, वळले, हसरे चेहरे पाहिले.

“सोड,” ते म्हणाले.

कारखान्याची प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक भट्टी आणि मी. मी चटईची पट्टी कापून वाकवली, तर ती पापडासारखी मोडली. दुसरीचंही तेच. घाणा करपला होता. चटईचा रंगच पिवळा, त्यामुळे नजरेला काही कळलं नव्हतं. तुकडे पोरांच्या तोंडात जाण्यासारखे होते. मी पट्टी घेऊन बाबांकडे गेले आणि ती त्यांच्या नाकाखाली धरली.

“कसला वास येतोय?”

त्यांनी हुंगलं आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी तोंड भिंतीसारखं ठेवलं. ते बघतच राहिले.

“जरा नाक मुरड ना,” ते हळूच म्हणाले. “नाहीतर मला कसं कळणार?”

तेव्हा कुठे मला उमगलं. मागच्या मोठ्या तापात त्यांना वास येणं बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालंच नव्हतं. जुना माल करपायला आला, की नाकाला झोंबणारी वाफ निघायची, सगळे तोंड फिरवायचे आणि बाबांचं काम भागायचं. सोयाबीनचं तेल ती झोंबणारी वाफ गिळून टाकतं. उरतो तळणाचा वास, आणि त्याला कोण तोंड फिरवतं? घरी माझं दूध करपायचं तेव्हाही हा माणूस दारातून म्हणायचा, छान वास सुटलाय. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. दोन्ही एकदम येतात तेव्हा नाक वाहतं, एवढंच होतं.

मी काही ठरवायच्या आत बाबा बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“घाणा करपलाय. मला वास येत नाही. ही सगळी हसली, म्हणून मी सोडला.”

मग पोतीवाला खाली बघत म्हणाला, “आम्हाला ठाऊक होतं, काका. म्हणून तर आम्ही जरा जास्तच तोंडं वाकडी करायचो.”

“पण हा वास आम्हालाही नवा,” रोलरवाला म्हणाला. “आम्हाला खरंच भूक लागली हो.”

म्हणजे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, एका मुलीला सोडून. ते मला फार लागलं. बाबांनाही लागलं असावं, कारण नाकावर माशी बसू न देणारा हा माणूस पिंपावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

बाईंनी विचारलं, की मग आजवर माल पास करत होतं कोण? त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, घाणा भंगारात टाकायला सांगितला आणि उद्याच नवा काटा बसेल म्हणाल्या.

“तो वाचायला डोळे लागतात. ते तरी आहेत ना?”

“आहेत,” बाबा म्हणाले.

बाई गेल्या. बाबा पिंपावरून उठले, करपलेली पट्टी त्यांनी सगळ्यांच्या हातात फिरवली आणि एकेकाला हुंगायला लावली.

“काटा बिघडतोही. तेव्हा नीट लक्षात ठेवा. यापुढे भूक लागली, की नाक दाबायचं.”

पोतीवाल्याने लगेच दाबून दाखवलं. बाबांनी ते नीट बघून घेतलं.