आरेच्या काठाला

आमच्या ह्यांना अर्धं वाक्य ऐकून पूर्ण निर्णय घ्यायची सवय आहे. एकतीस वर्षं सौदीतल्या ताइफमध्ये पाण्याच्या टाक्या, पंप आणि पाइप विकतायत. गिऱ्हाइकाने "वरच्या मजल्यावर पाणी..." एवढं म्हटलं की हे पंप काढून समोर ठेवतात. तो बिचारा "...गळतंय" म्हणणार असतो. दुकानात ते खपून जातं, घरात मी खपवून घेत नाही. पण लेकीच्या स्थळाच्या वेळी मात्र मीच तोंडाला कुलूप लावून बसले, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

स्थळ आणलं फकरुद्दीनने. हा ह्यांचा आतेभाऊ. मक्केत एका हॉटेलच्या रिसेप्शनवर असतो, आणि उमऱ्याला आलेल्या प्रत्येक कोकणी कुटुंबात लग्नाचं कोण आहे हे खोलीची किल्ली देतानाच विचारून घेतो. त्याने आवाजी मेसेज पाठवला. मुलगा सुफियान, मूळ श्रीवर्धनचा, इंजिनियर, विडीकाडीला शिवत नाही, स्वतःचं घर आहे, आरेच्या काठाला, खिडकीतून पाणी दिसतं. बायोडाटा पुढच्या मेसेजमध्ये होता. हे पुढच्या मेसेजपर्यंत पोचलेच नाहीत.

आरे म्हटलं की रफीक सोलकरांना दुसरं काही ऐकू येत नाही. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना समुद्राला लागून आरे लागतं, तिथे ह्यांचा जन्म. तिथेच ह्यांनी दोन मजली घर बांधून ठेवलंय. परतायचं कधी ते दर वर्षी पुढे जातं, पण घराला रंग मात्र दर दोन वर्षांनी लागतो. मोठा मुलगा शारीक टोरंटोला गेला आणि तिथलाच झाला. तेव्हापासून ह्यांनी मनाशी एक धरलं होतं, की लेकीला, अदिबाला, तरी हाकेच्या अंतरावर द्यायची. आणि आता फकरुद्दीन म्हणत होता, आरेच्या काठाला.

मग काय विचारता. मुलाचं घर कुठलं हेही ह्यांनीच ठरवून टाकलं. सुरूच्या बनामागे नवी इमारत झालीय, तीच असणार, दुसरीकडून पाणी दिसतच नाही. नोकरी जयगडच्या बंदरात असणार, कारण इंजिनियर आरेला राहून दुसरं करणार काय. मी केलेलं कालवण अदिबाच्या घरी पोचेपर्यंत वाफ धरून राहील, असा हिशेब जेवताना मांडून झाला. बाजूच्या येमेनी न्हाव्यालासुद्धा आरेचा नकाशा समजावून झाला. त्या आठवड्यात हे घरात गुणगुणत होते. पंधरा वर्षांत मी ह्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

बायोडाटा मी वाचला. चष्मा लावून दोनदा वाचला. आरे होतं, पण पुढे बर्न होतं, आणि त्याच्यापुढे स्वित्झर्लंड. मी अदिबाला विचारलं. ती म्हणाली, "आय नो, अम्मी. ती तिथली नदी आहे. आणि ही इज रिअली नाइस." महिनाभर ती त्याच्याशी व्हिडिओवर बोलत होती, आणि इतकी हसत होती की भिंतीपलीकडे मलाही हसू यायचं. एकीकडे ही हसतेय, दुसरीकडे ते गुणगुणतायत. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणत मी दिवस ढकलले. मला भीती वाटत होती, हे कबूल करते.

आणि एके दिवशी मुलगा उमऱ्याला आला. उमरा झाल्यावर फकरुद्दीन त्याला घेऊन गुरुवारी दुपारी आमच्याकडे जेवायला येणार होता. मी सुरमई तळली, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सांदणं केली. ते दोघे अर्धा तास उशिरा पोचले, कारण मक्केहून वर येताना हदाच्या घाटात माकडांनी रस्ता अडवला होता. मुलगा उंच, शांत, बोलायला गोड. मला तो बघताक्षणी आवडला आणि माझी भीती दुप्पट झाली.

हे म्हणाले की ताइफची माकडं काहीच नाहीत, आरेची माकडं स्वयंपाकघरात शिरतात.

"आमच्याकडे माकडं नाहीत चाचा," सुफियान म्हणाला. "अस्वलं आहेत."

ह्यांचा घास थांबला. "आरेला अस्वलं?"

"पुलाच्या पलीकडे, नदीच्या उतारावर. शहराने ठेवलीत."

हे माझ्याकडे वळून म्हणाले की सह्याद्रीतलं जंगल तोडल्यावर जनावर खाली येणारच, मागच्या वर्षी बिबट्या नव्हता का आला. मी भाकरी वाढली. फकरुद्दीन खाली मान घालून काटे काढत होता. त्याच्या तुकडीला काटाच नव्हता.

मग ह्यांनी विचारलं, पावसात अजून पुलाला पाणी लागतं का. सुफियान म्हणाला की पावसाचं तितकं नाही, पण उन्हाळ्यात पाणी फार वाढतं, वरचं बर्फ वितळतं ना. हे खूश झाले. म्हणजे मासळीच्या बर्फाचा कारखाना अखेर झाला तर, वीस वर्षं नुसती चर्चा चालली होती. सुफियानने अदिबाकडे पाहिलं. अदिबाने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो खाली ठेवला नाही.

बिचारा मुलगा पुढे आपण होऊन सांगायला लागला, की उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की तो कपडे एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालतो, नदीत उतरतो आणि वाहत वाहत घराजवळ बाहेर निघतो. खूप जण तसेच घरी जातात.

"भरती-ओहोटी बघून ना?" ह्यांनी विचारलं. खाडीत वाढलेल्या माणसाचा साधा प्रश्न होता.

"भरती?" सुफियान म्हणाला. "चाचा, तिथे समुद्र कुठे आहे?"

"किती लांब आहे?"

"सगळ्यात जवळचा चारेकशे किलोमीटर. इटलीत."

सुरमईचा तुकडा ह्यांच्या हातात तसाच राहिला. ह्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग फकरुद्दीनकडे, मग अदिबाकडे आणि शेवटी माझ्याकडे. माझ्याकडे सर्वांत जास्त वेळ पाहिलं. फकरुद्दीन पुटपुटला की बायोडाटा पुढच्या मेसेजमध्ये होता. अदिबा म्हणाली, "अब्बा, टेक्निकली कुणी खोटं बोललं नाही." त्या 'टेक्निकली'ने उरलंसुरलं काम केलं. हे उठले, हात धुतले, पाहुण्याला "जेवून घ्या" म्हणाले आणि दुपारच्या तीनला दुकान उघडायला गेले. त्या वेळी ताइफमध्ये कुत्रंसुद्धा दुकानाकडे फिरकत नाही.

सुफियानचं विमान जेद्दाहून रविवारी होतं. त्याआधी हो किंवा नाही सांगावं, एवढीच विनंती करून तो गेला. जाताना माझी सांदणं डब्यातून घेऊन गेला, आणि अदिबा दार लावून खोलीत बसली.

पुढचे दोन दिवस ह्यांनी नकार शोधण्यात घालवले. नुसतं नाही म्हणायला मन धजत नव्हतं, मुलात खोट काढता येत नव्हती, म्हणून हे नदीच्या मागे लागले. फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायचे आणि मला सुनावायचे. ही आरे म्हणे आल्प्सच्या हिमनद्यांतून निघते, कडे चिरत खाली येते, दोन मोठ्या तळ्यांतून जाते, बर्नला तीन बाजूंनी विळखा घालते आणि शेवटी राईनला मिळते. तीनशे किलोमीटरला थोडी कमी. पूर्णपणे स्वित्झर्लंडमध्येच राहणाऱ्या नद्यांत सर्वांत लांब.

"बघ," हे म्हणाले. "ती नदीसुद्धा स्वतःचा देश सोडून जात नाही. आणि आपण मुलगी सोडायची."

मी म्हटलं, जन्म आरेचा आणि जन्मभर दुकान ताइफला, हे कोण बोलतंय. त्यावर हे दुसऱ्या खोलीत गेले.

मग नावाचं निघालं. आरे म्हणजे काय, ते तिथल्या पंडितांनाही धड माहीत नाही. रोमन काळात तिला अरुरा म्हणायचे, त्याच्याही आधीचं ते कुठल्या जुन्या बोलीतलं नाव, अर्थ बहुतेक 'वाहतं पाणी' असा काहीतरी. शिवाय तिथले लोक शेवटचं अक्षर अर्धं गिळतात. ज्या नदीच्या नावाचा पत्ता नाही आणि जिचं नाव माणसं पुरतं उच्चारत नाहीत, तिच्या काठाला लेक द्यायची का, असा ह्यांचा सवाल होता. मी विचारलं, आपल्या आरेचा अर्थ काय. हे म्हणाले, आत्ता सांगतो, आणि गावात कादिरमामूंना फोन लावला. मामू नव्वदीला टेकलेत. त्यांनी एका फोनमध्ये तीन अर्थ सांगितले. तिन्ही एकमेकांशी भांडत होते आणि तिसऱ्यात कुणाची तरी हरवलेली म्हैस होती. ह्यांनी फोन ठेवला आणि चहा मागितला.

शनिवारी सकाळी मात्र ह्यांना हुकमी पत्ता सापडला. जिथे आरे राईनला मिळते तिथे पाणी आरेचं जास्त असतं, राईनचं कमी. पण पुढे समुद्रापर्यंत नाव चालतं ते राईनचंच. आरे तिथे संपली. "असं होणार आहे आपल्या पोरीचं," हे म्हणाले. "आपलं सगळं घेऊन जाणार आणि नावसुद्धा उरणार नाही."

इथे माझं डोकं फिरलं. मी पोळपाट बाजूला ठेवला आणि विचारलं की लग्नाआधी माझं आडनाव काय होतं. हे गडबडले. आधी मुकादम म्हणाले, मग मुल्ला म्हणाले. मी काझी आहे. तीस वर्षं ह्या घरात पाणी कुणाचं जास्त आहे ते सगळ्या ताइफला माहीत आहे आणि दारावर पाटी सोलकरांची आहे, तर राईनला एकट्यालाच कशाला नावं ठेवायची, असं मी स्पष्ट बोलले. ह्यांनी त्या दिवशी भाजीला नावं ठेवली नाहीत.

अदिबा हे सगळं दारातून ऐकत होती. ती आमच्याशी एरवी इंग्रजी मिसळून बोलते. त्या दिवशी ती अख्खं मराठी बोलली, तेव्हाच मी गॅस बंद केला.

"अब्बा, आरे तुमचं गाव आहे. मी तिथे पाहुणी असते. सगळे पहिल्या दिवशीच विचारतात, परत कधी जाणार. मी ताइफची आहे, पण तुमचा इथे राहायचा इकामा संपला की ताइफ माझं राहणार नाही. तुम्ही मला घराजवळ ठेवायचं म्हणता. कुणाच्या घराजवळ?"

मला वाटलं, चिडतील. ह्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, "मग तो तुझं घर आहे का?"

"माहीत नाही," अदिबा म्हणाली. "जाऊन बघायचंय."

तिने खरं तेच सांगितलं म्हणून मला रडू आलं. हो म्हणाली असती तर ह्यांनी वाद घातला असता. माहीत नाही म्हणाली, आणि ह्यांच्याजवळ वादाला जागाच राहिली नाही. बाविसाव्या वर्षी बोटीचं तिकीट हातात घेऊन निघालेला माणूस दुसरं काय बोलणार.

संध्याकाळी ह्यांनी सुफियानला स्पीकरवर फोन लावला. सलाम-दुआ झाली. मला वाटलं, आता पगार विचारतील, आईवडील विचारतील. ह्यांनी विचारलं की वाहत वाहत घरी येताना बाहेर निघायची जागा चुकली तर पुढे काय आहे.

"पुढे बांध आहे चाचा," सुफियान म्हणाला. "शेवटच्या कठड्याला हात घालायचाच. तो चुकवायचा नाही."

हे अदिबाच्या खोलीकडे बघत म्हणाले, "हिला पोहता येत नाही. इथे नदी नाही, मी शिकवलंच नाही." मग म्हणाले, "लग्न पुढच्या वर्षी करू. आधी हिला पोहायला शिकवतो."

आतल्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती अदिबा होती, पलंगावर उडी मारलेली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही शहराबाहेर तलाव असलेली एक इस्तिराहा दिवसभरासाठी भाड्याने घेतली. इथे सुटी काढायला लोक घेतात तशी चारी बाजूंनी भिंती असलेली वाडी. हे लुंगी आणि बनियनवर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. समोर अदिबा पूर्ण कपड्यांत, नाकावर क्लिप लावून, घाबरून पांढरी पडलेली. ह्यांच्या शिकवण्याची पद्धत एकच, ओरडणे. मान सैल सोड, पोट वर, पाण्याशी भांडू नकोस. मी काठावर बसून संत्री सोलत होते. भिंतीबाहेरून वाडीच्या राखणदाराने काही झालं का म्हणून दोनदा विचारलं.

दुपारपर्यंत ती पाठीवर आडवी व्हायला लागली. हे एक हात तिच्या पाठीखाली धरून बाजूने चालत होते, आणि आता ओरडत नव्हते. तिने डोळे मिटले होते.

"अब्बा, हात काढू नका हं."

"नाही काढला," हे म्हणाले.

मला काठावरून दिसत होतं. ती दोन हात पुढे निघून गेली होती. हे होते तिथेच उभे होते, आणि पाण्याखाली ह्यांचा तळहात तसाच उघडा होता.