मशीनची ओटी

वडवणीकडच्या माळावर ड्रिलिंगचं मशीन आलं, तेव्हा ते कशासाठी आलंय हे गावात कुणी विचारलंच नाही. भर उन्हाळा, गाव टँकरवर. अशा गावात कुणी जमिनीला भोक पाडतंय म्हटल्यावर ते पाण्यासाठीच, दुसरं काय असणार? सरपंच शिवकन्याबाईंनी गायरानातली जागा आनंदानं दिली, नारळ फोडला आणि बायकांना घेऊन चक्क मशीनची ओटी भरली. म्हाताऱ्या सारजाबाईनं तर ट्रंकेतला कोरा खण आणून वाहिला. कंपनीचे राजेश्वर साहेब गालातल्या गालात हसले, पण हे मशीन पाण्यासाठी नाही एवढं सांगायला काही त्यांची जीभ उचलली नाही.

आणि पाणी लागलं. चांगलं मनगटाएवढं लागलं. बायका घागरी घेऊन पळत आल्या, तर साहेबांनी आत लोखंडी पाइप सोडून पाणी अडवलं आणि मशीन आणखी खोल नेलं. उसाच्या कांड्यांसारखे काळे दगड वर येत होते, ते पेट्यांत रचले जात होते. दगड जपून, पाणी कोंडून, असा सगळा उलटा कारभार. काम आटोपलं आणि एका सकाळी माळावर सिमेंटच्या गोण्या उतरल्या.

"हे कावून, साहेब?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"भोक बुजवायचंय, ताई. नियमच आहे."

मग साहेबांनी समजावून सांगितलं. वीजकेंद्रांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्राखालच्या खडकात कायमचा कोंडता येईल का, हे कंपनीला बघायचं होतं. समुद्रात भोक पाडायचं तर खर्च अफाट. तिथला खडक आणि इथला एकाच जातीचा, म्हणून आधी इथल्याची परीक्षा.

"म्हंजी गॅस हितं येणारच न्हाई?"

"अजिबात नाही. तुम्ही घाबरू नका."

"मंग बुजवता कावून? हापसा बसवून द्या."

"हापसा आमच्या कामात येत नाही, ताई."

शिवकन्याबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरोघर जाऊन 'आता पाणी येतंय' असं सांगणाऱ्या त्याच होत्या. उद्या कुठल्या तोंडानं गावात फिरायचं?

तेवढ्यात गावाचा टँकर आला. तो विहिरीकडं न जाता सरळ माळावर वळला, कारण सिमेंट कालवायला पाणी लागतं आणि साहेबांनी ड्रायव्हरशी परस्पर ठरवून टाकलं होतं. विहिरीवर टँकरची वाट बघत थांबलेल्या बायका घागरी घेऊन त्याच्यामागं धावत आल्या.

शिवकन्याबाई पदर खोचून टँकरला आडव्या झाल्या.

"आमचंच पाणी घेऊन आमचंच पाणी बुजवता व्हय? लाज वाटाया पायजे. भरा गं बायांनो, टिपूस ठिवू नका."

बघता बघता टँकर रिकामा झाला. सिमेंट गोण्यांत तसंच कोरडं राहिलं.

"ठीक आहे," साहेब घाम पुसत म्हणाले, "बीडहून दुसरा टँकर मागवतो."

"मागवा की. माळाला रस्ता एकच हाय."

सारजाबाईनं भरलेली घागर रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्या शेजारी फतकल मारून बसली. मग एकेक करत बाकीच्याही बसल्या.