तुमच्यात

चंदनबालाबाई मुख्याध्यापिका झाल्या आणि शाळेतल्या भोवऱ्यांचे ग्रह फिरले. आधीच्या गुरुजींच्या राज्यात पोरं मधल्या सुट्टीत गोट्या खेळायची, भोवरे फिरवायची, आणि गुरुजी व्हरांड्यात उभं राहून कुणाचा नेम चुकला ते वरनं सांगायचे. बाईंनी पहिल्याच प्रार्थनेला फर्मान काढलं. शाळेत खेळणं आणायचं नाही. कुठलंच नाही. सापडलं की जप्त, आणि जप्त झालेलं परत मागायचं नाही. बघता बघता त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा भरून गेला. त्यात भोवरे होते, रबरी साप होता, टिकल्यांचं पिस्तूल होतं आणि पहिलीतल्या कुणाची तरी एक चाक गळालेली एसटी होती. त्या एसटीत शिस्तीला काय धोका होता, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

तशा बाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शहरात विश्रामबागेत राहायच्या, रोज स्कूटीवरून ह्या गावातल्या शाळेत यायच्या, आणि वाटेत खार जरी आडवी आली तरी थांबून तिला जाऊ द्यायच्या. पाणी गाळून प्यायच्या, दिवस मावळायच्या आत जेवायच्या. वर्गात कुणी मुंगी चिरडलेली त्यांना खपायची नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोरांवर कधी हात उगारला नव्हता, आणि ह्याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

पिंकी तिसरीत नवी आली होती. वडिलांची बदली मेढ्याहून इकडं झालेली. तिला दाखल करून घेतलं तेव्हा बाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या, त्यामुळं त्यांनी फक्त हजेरीत तिचं नाव वाचलं. आडनावावरून आपल्याकडं जे कळतं ते त्यांनाही कळलं, आणि त्यापुढं आणखी काही विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

बैलांचा सण, बेंदूर, जवळ आला होता. घरोघरी मातीचे बैल व्हायला लागले की पोरांच्या हातांना माती चिकटतेच. बाईंनी तेही हेरलं होतं. सकाळी फाटकात उभं राहून त्या पोरांचे खिसे चाचपायच्या, नखं बघायच्या. पण ओढा शाळेच्या पाठीमागूनच जात होता, आणि ओढ्याकडनं आत यायला काही फाटक नव्हतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई नळाकडं गेल्या तर टाकीच्या आडोशाला पोरांचं कोंडाळं दिसलं. मधोमध पिंकी उकिडवी बसलेली. पुढ्यात डब्याच्या झाकणावर मातीची एक गाय आडवी टाकलेली, चांगली वीतभर लांबीची, शिंगं-शेपटीसकट. दोघांनी तिचे पाय धरले होते. पिंकीच्या हातात आइस्क्रीमची काडी होती.

"नीट धर रं, हलू देऊ नगंस," पिंकी म्हणाली. "आता कापायचं. हितनं, डाव्या कुशीला."

आणि तिनं काडी गायीच्या कुशीत खुपसली.

बाईंच्या अंगावर काटा आला. तो खोटा नव्हता. लहानपणापासून चातुर्मासातल्या प्रवचनांत त्यांनी ऐकलं होतं, की पिठाचा कोंबडा करून कापला तरी पाप खऱ्या कोंबड्याचंच लागतं. हातानं काय कापलं ह्याला महत्त्व नाही, कापताना मनात काय होतं ते बघायचं. आणि इथं तर सात-आठ वर्षांची पोरं गाय कापायचा खेळ खेळत होती! तेही किती हौसेनं.

"काय चाललंय हे?"

कोंडाळं फुटलं. पाय धरणारे केव्हाच पसार झाले. पिंकी तेवढी बसून राहिली, कारण गाय तिची होती.

"मॅडम, आवं, ती अडलीया, म्हणून मी..."

"मध्ये बोलायचं नाही! उठ."

बाईंनी झाकणासकट गाय उचलली आणि पिंकीला दंडाला धरून तिसरीच्या वर्गात नेलं. घंटा झाली होती. पोरं हाताची घडी, तोंडावर बोट करून बसली. बाईंनी पिंकीला फळ्यापुढं उभं केलं. त्यांना राग आला होताच, पण त्याहून जास्त, आपल्याला आज काहीतरी मोलाचं शिकवायचंय असं वाटत होतं. हे वाटणंच फार वाईट. रागावलेला माणूस भानावर तरी येतो.

"मॅडम, मारत न्हवते मी तिला," पिंकी पुन्हा म्हणाली.

"मी ह्या डोळ्यांनी बघितलं. वर खोटं बोलतेस?" बाईंचा आवाज चढला. "तुमच्यात हे चालत असेल. आमच्यात नाही चालत. ह्या शाळेत तर मुळीच चालणार नाही. कळलं?"

बोलून गेल्या. पिंकीनं एकदा स्वतःच्या मागं बघितलं, तुमच्यात म्हणजे आणखी कोण कोण उभं आहे ते बघायला. मागं फळा होता.

मग बाईंनी ती गाय मुठीत घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी कचऱ्याच्या डब्यावर धरून दाबली. ओली माती बोटांच्या फटींतून बाहेर आली. शिंगं गळून पडली. आणि तळहाताला काहीतरी वेगळंच लागलं, गुळगुळीत. बाईंनी मूठ उघडली.

पातळ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक वासरू होतं. अंगठ्याएवढं. पाय पोटाशी दुमडलेले, मान मागं वळलेली, डोळ्यांच्या जागी मोहरीचे दाणे. गायीच्या पोटात ते कुणीतरी फार जपून बसवलं होतं. आता त्याचं डोकं चपटं झालं होतं आणि एक पाय बाईंच्या तळहाताला चिकटला होता.

पहिल्या बाकावरचा सन्मती, वर्गाचा मॉनिटर, बोट तोंडावर तसंच ठेवून पुढं वाकला.

"मॅडम," तो म्हणाला, "मेलं."

पिंकी रडली नाही. तिनं वासराकडं बघितलं, मग बाईंच्या हाताकडं, आणि खाली मान घातली. बाईंना त्याच क्षणी सगळं लख्ख कळलं होतं. पोरगी मारत नव्हती, सोडवत होती. त्याच क्षणी "चुकलं माझं पोरी" म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण वर्गापुढं? मुख्याध्यापिकेनं? त्यांनी वासरू रुमालात गुंडाळलं, हात पुसला आणि म्हणाल्या, "बसा खाली. पाढे काढा."

त्या संध्याकाळी त्या नेहमीसारख्या देवापुढं बसल्या. दिवसभरात ज्या ज्या जिवाला आपल्यामुळं पीडा झाली असेल त्याची क्षमा मागायची, हा त्यांचा रोजचा नेम. पाण्यातले, मातीतले, डोळ्यांना न दिसणारे, सगळे जीव त्यात येतात. तोंडानं शब्द सरावानं चालू होते. मग फळ्यापुढं उभी असलेली पोर डोळ्यांपुढं आली, आणि ती ह्या सगळ्यांत कुठंच बसेना. न दिसणाऱ्या जिवांची क्षमा मागणं किती सोपं होतं! बाई तशाच उठल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकीचे वडील आले. महेंद्र त्यांचं नाव. हातात हेल्मेट, पायात गमबूट, शर्टाला वाळलेला चिखल. बाईंनी रात्रभर मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. शाळेचा नियम आहे, माती आणायची नाही असं सांगितलेलं होतं, वगैरे.

"पालकांची भेट शनिवारी असते," त्या म्हणाल्या. बसा म्हणाल्या नाहीत.

"तक्रार न्हाई करायला आलो मॅडम," महेंद्र म्हणाले. "दोन मिंटं फक्त. गेल्या आठवड्यात एक गाय अडली होती मळ्यावर. वासरू आडवं आलेलं. घरी कुणी नव्हतं म्हणून पिंकीला बरोबर न्यावं लागलं. पोट फाडून वासरू काढलं मी. गाय बी वाचली, वासरू बी. तवापासनं पोरगीच्या डोक्यात तेच हाय. वर्गातल्या पोरांना दाखवायचं म्हणून घरी बसून केली होती गाय."

"तुम्ही..."

"जनावरांच्या दवाखान्यात हाय. डॉक्टर."

"अहो, मग बसा ना डॉक्टर, उभे का?" बाई झटकन म्हणाल्या, खुर्चीसुद्धा पुढं सरकवली. आणि शब्द तोंडातून पडतो न पडतो तोच त्यांचे कान तापले. डॉक्टर नसते तर खुर्ची नव्हती, हे दोघांनाही एकदमच कळलं होतं.

"राहू द्या," महेंद्र म्हणाले. आवाज साधाच होता. "पिंकीनं घरी आल्यावर एक विचारलं. पप्पा, आपल्यात काय चालतं? मला कळंना काय सांगावं. म्हणलं, उद्या मॅडमना विचारून सांगतो. म्हणून आलो."

बाईंनी रुमालाचं टोक चुरगाळलं. बाहेर पोरं प्रार्थनेला उभी राहत होती.

"माझ्या मनात तसं नव्हतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग कसं होतं?"

त्यांनी चिडून विचारलं असतं तर काहीतरी उत्तर सुचलं असतं. पण ते खरंच थांबून वाट बघत होते. बाईंनी मनात शोधलं, आणि जे सापडलं ते बघवेना. तसंच होतं. नेमकं तसंच होतं. कोंडाळ्यात दुसरं कुणी काडी घेऊन बसलेलं असतं, सन्मती असता, तर त्यांनी आधी विचारलं असतं, काय खेळतोयस रे बाळा?

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "वर्गात बोलले, आता वर्गातच सांगते."

महेंद्रनी मान हलवली आणि हेल्मेट चढवत निघून गेले.

सांगायचं ठरवलं तरी पाय उचलेनात. पहिल्या तासाला जाऊ, मग दुसऱ्या, असं करता करता मधली सुट्टी झाली तेव्हा बाई तिसरीच्या दारात पोचल्या. पोरं डबे उघडून जमिनीवर गोलानं बसली होती. मोठा एकच गोल. पिंकी मात्र खिडकीखाली, भिंतीकडं तोंड करून एकटी. कालपर्यंत ती अतिशय नावाच्या पोराशेजारी बसायची. दोघांची चांगली गट्टी होती, काल गायीचे मागचे पाय त्यानंच धरले होते.

"ती तिकडं का बसली आहे?" बाईंनी विचारलं.

सन्मती मॉनिटरच्या अदबीनं उठून उभा राहिला. "मीच बसवली मॅडम. त्यांच्यात चालतं, आमच्यात चालत न्हाई. तुमीच सांगितलं की."

त्याच्या चेहऱ्यावर खोडी नव्हती, दुष्टावा नव्हता. शाबासकीची वाट बघत होता तो. खिसे चाचपूनही जी शिस्त ह्या पोरांना लागली नव्हती, ती एका वाक्यात लागली होती.

मग त्यांनी सांगितलं. कुठंही आडपडदा न ठेवता सांगितलं. पिंकी गायीला वाचवत होती, मी न विचारता तिची गाय मोडली, आणि जे बोलले ते घाणेरडं बोलले. तुमच्यात-आमच्यात असलं काही नसतं, ते मी माझ्या तोंडानं तुमच्या डोक्यात घातलं. पिंकीची मी माफी मागते. पोरांनी खाणं थांबवून, हाताची घडी घालून ऐकलं.

"समजलं?"

"हो मॅडम!" सगळे एका सुरात ओरडले. पाढे पाठ करून या म्हटलं की ओरडत तसेच. गोलातलं कुणी जागचं हललं नाही. अतिशय पिंकीकडं बघत होता, पण आधी दुसरं कुणीतरी उठेल म्हणून थांबला होता.

तेव्हा बाई आपला डबा घेऊन आल्या आणि साडी आवरून खिडकीखाली, पिंकीच्या शेजारी, जमिनीवर बसल्या. पोरं डोळे फाडून बघायला लागली. बाईंना वाटलं, बोलून नाही कळलं तर बघून कळेल.

पिंकीनं गडबडीनं डब्यावर झाकण ठेवलं.

"मॅडम, हितं नगा बसू," ती हळूच म्हणाली. रुसून नव्हे, काळजीनं. मोठ्या माणसाची चूक व्हायला नको म्हणून. "माझ्या डब्यात अंडं हाय."

"असू दे बाळा. तू जेव."

"हो मॅडम," पिंकी म्हणाली.

बाईंनी डबा उघडला, चपातीचा तुकडा मोडला. बोलत राहिल्या, मेढ्याला थंडी फार असते का, तिकडची शाळा कशी होती. पिंकी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर देत होती. दोन्ही हात मात्र तिनं झाकणावर दाबून धरले होते. बाईंना वास येऊ नये म्हणून झाकण ती जराही उचलत नव्हती. एकदा तिनं बाईंच्या डब्यात किती उरलंय तेवढं बघून घेतलं.

घंटा झाली. पोरं डबे भरून बाकांवर गेली. पिंकीनंही आपला डबा उचलून दप्तरात ठेवला. तो जड होता. तिनं एक घासही खाल्ला नव्हता, आणि शेजारी बसून बाई पोटभर जेवल्या होत्या.