साडेचार व्होल्ट

वोब्बेने आयुष्यात एकदाही आपली चूक कबूल केलेली नव्हती. चाळीस वर्षं त्याने हॉलंडमधल्या हार्लिंगेनच्या बंदरावर मोजमापाची यंत्रं दुरुस्त केली, आणि तिथे चूक नेहमी जहाजाची, खलाशाची नाहीतर खाऱ्या हवेची असायची. अशा माणसाशी सीत्स्केने संसार केला, तोही हसतखेळत.

सीत्स्के चेलो, म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, वाजवायची. सत्तरी ओलांडली तसे तिचे कान मंदावले, आणि दर गुरुवारी चर्चमध्ये वाजवायला जमणाऱ्या चौघांत तिला स्वतःचाच सूर ऐकू येईना. तेव्हा वोब्बेने मनावर घेतलं. बागेतल्या शेडमध्ये बसून त्याने साबणाच्या डबीएवढा ॲम्प्लिफायर बनवला. चेलोला चिकटवायचा बारीक मायक्रोफोन, डबीत एक चिप, नऊ व्होल्टची बॅटरी आणि कानाला हेडफोन. टेबलावरच्या वीजपुरवठ्याला जोडून तपासला तेव्हा आवाज अगदी स्वच्छ होता. मग बॅटरी जोडली, लाल दिवा लागला, स्क्रू आवळले आणि स्वारी डबी घेऊन घरात आली. सीत्स्केने वाजवून पाहिलं, त्याच्या गालाचा मुका घेतला आणि छान झालंय म्हणाली.

तीन आठवड्यांनी, सकाळच्या कॉफीला, तिने चेलो विकायचं काढलं. तिन्ही गुरुवारी खोकल्याचं निमित्त सांगून ती गेलीच नव्हती. आज रेन्स्काला, म्हणजे चौघांतल्या व्हायोलिनवालीला, फोन करून कायमचं नाही सांगणार होती. डबी लावूनही सगळं चिरकं, फाटकंच ऐकू येतं, म्हणजे कानच संपले, त्याला कोण काय करणार, असं ती बिस्किट बुडवत सहज बोलल्यासारखं बोलली. 

"फोन जरा थांबव," वोब्बे म्हणाला. "मला एकदा ऐकू दे."

त्याने हेडफोन चढवला, ती वाजवू लागली. पहिल्याच सुराला त्याचा चेहरा उतरला. कानात करवत चालली होती.

तो डबी घेऊन शेडमध्ये गेला, आणि ती स्वेटर ओढून त्याच्या मागोमाग. डबी उघडताच सगळं त्याच्या लक्षात आलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. टेबलावरच्या वीजपुरवठ्याला उणे बाजूही होती, शून्य बरोबर मधोमध. चाळीस वर्षांची सवय ती. बॅटरीला उणे बाजू कुठली? तिथे शून्य म्हणजे तळ. चेलोचा आवाज शून्याच्या वर-खाली हेलकावतो, आणि ही जुन्या वळणाची चिप तळाशी आलेलं काही नीट वाचू शकत नाही. तिला दोन्ही टोकांपासून दोनेक व्होल्ट लांबच राहावं लागतं. एवढं साधं, आणि तो विसरला होता.

"कान तुझे होते तसेच आहेत," तो म्हणाला. "चूक माझी आहे. पहिल्या दिवसापासून."

सीत्स्के स्टुलावर बसली.

"मग तू तेव्हाच का बोलली नाहीस?" त्याने विचारलं.

"तू दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होतास, वोब्बे. काय बोलणार होते मी?"

 त्याने दोन सारखे रेझिस्टर लावून बॅटरीची बरोबर अर्धी वाटणी केली, साडेचार व्होल्टांवर, आणि मायक्रोफोनचा आवाज एका कपॅसिटरमधून त्या मध्यावर आणून बसवला. आता हेलकावायला वर जागा, खालीही जागा. काम वीस मिनिटांचं. तेवढा वेळ ती सोल्डरचं रीळ हातात धरून त्याच्याजवळ बसून राहिली.

घरात येऊन तिने हेडफोन लावला आणि गज तारेवर ओढला. थांबली. पुन्हा तोच सूर ओढला. डोळे भरून आले, आणि मग कपाळाला आठी पडली.

"ही जाडी तार उतरलीये की. कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"तुला ऐकू येत होतं?"

"येत होतं. मला वाटलं, तुला आता ते कळतच नाही. मग कशाला सांगायचं."

 ती खुंटी पिळून तार चढवू लागली.

"रेन्स्काला फोन लाव. गुरुवारी येतेय म्हणून सांग," ती म्हणाली. "आणि यापुढे बेसूर वाजवलं, तर तोंडावर सांगायचं."

वोब्बेने फोन लावला. पलीकडून रेन्स्का दोनदा हॅलो म्हणाली, कोण बोलतंय म्हणाली, तेव्हा तो म्हणाला, "सीत्स्के गुरुवारी येतेय. तीन गुरुवार आली नाही, ती चूक माझी."