सरांनी लावलेलं कडं

दुपारचे तीन वाजले की सुनंदाच्या डाव्या डोळ्यामागे कुणी झांज वाजवू लागे. परळच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसायचं आणि थुंकीच्या स्लाइडवर, निळ्या पसाऱ्यात, टीबीच्या जंतूंच्या लाल काड्या शोधायच्या, हे तिचं काम. दोन वर्षं डोकं ठणकत होतं. उपास सोडून पाहिले, चष्मा बदलून पाहिला, बामची बाटली तर टेबलावरच असे. शेवटी झांजा सोसेनात म्हणून गुरुवारचं कीर्तन सुटलं, आणि ते मात्र डोकेदुखीहून जड गेलं. चिंचपोकळीच्या देवळात कीर्तनाला उभे राहत ते मनमोहन सर, तिचे जुने वरिष्ठ. दोन वर्षांपूर्वी निवृत्त होताना आपला मायक्रोस्कोप त्यांनी तिच्या हवाली केला होता. दर दसऱ्याला ती त्याला हळदकुंकू लावी, झेंडू वाही.

मायक्रोस्कोपच्या वार्षिक तपासणीला आलेल्या तंत्रज्ञ कल्पेशने नळीत डोकावून मान वर केली.

"ताई, डाव्या नळीवरचं हे फोकसचं कडं कुणाच्या डोळ्याला लावलंय?"

"सरांच्या. मी हात नाही लावत त्याला."

"म्हणजे सर रिटायर झाले, पण डोळा इथेच ठेवून गेले."

हसत हसत त्याने कडं तिच्या नजरेला जुळेपर्यंत फिरवलं आणि तो गेला. एवढंसं काम. बसताना ज्याने त्याने आपल्यापुरतं जुळवून घ्यायचं, हे तिला शिकवलंही सरांनीच. पण त्यांनी लावलेलं आपण हलवायचं, हे तिच्या मनाला कधी रुचलं नव्हतं.

तिने पुन्हा पाहिलं. दोन्ही डोळ्यांना सारखंच, लख्ख. म्हणजे आजवर डावा डोळा धूसरच पाहत होता. कालच्या दुपारच्या स्लाइडची पेटी तिने उघडली. जिच्यापुढे तिनेच 'निगेटिव्ह' लिहिलं होतं, त्या सातव्या स्लाइडवर तीन लाल काड्या निवांत पडल्या होत्या.

स्लाइड परत ठेवून दिली असती तर कुणी विचारणार नव्हतं. देवापुढे जोडायचे ते हेच हात, एवढंच तिच्या मनात आलं. ती उठली आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख अनुजा मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, माझ्या दुपारच्या सगळ्या स्लाइड पुन्हा बघायला हव्यात."

जपून ठेवलेल्या पेट्यांतून चुकून 'निगेटिव्ह' ठरवलेल्या पाच स्लाइड निघाल्या. चौघांना शोधून औषध सुरू झालं. पाचवी शेवंता, शीवच्या कोळीवाड्यात मासळी विकणारी. ती आठवड्यापूर्वीच वारली होती. रिपोर्ट चांगला आला म्हणून आम्ही बिनघोर होतो, असं तिची बहीण फोनवर सांगत राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता. सुनंदाला तेच सोसेना. तिला मायक्रोस्कोपवरून उठवून स्लाइड रंगवायच्या टेबलावर बसवलं, ते तिने मान्य केलं.

गुरुवारी ती देवळात गेली. गजर रंगला, अगदी कानाशी झांजा वाजल्या, पण डोकं शांत होतं. सगळ्यांचे हात टाळीत होते, तिचे मांडीवर पडून राहिले.

प्रसाद देताना सरांनी विचारलं, "काय गं, डोकं कसं आहे?"

"आता नाही दुखत, सर."

कड्याचं तिने सांगितलं नाही. वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि चपला शोधायला बाहेर आली.