अंगठ्याचं माप

आमच्या कारखान्यात तेलाच्या नळीचं माप म्हणजे दादाचा अंगठा. नळीच्या तोंडात अंगठा घालायचा, सांध्याशी घट्ट अडकला तर ती नळी मोठ्या इंजिनाची. करंगळी अडकली तर छोट्या इंजिनाची. बाहेरचा माणूस हे बघून हसतो. सव्वीस वर्षांपूर्वी मीही हसले होते. तेव्हा दादाने एकच आकडा छापलेल्या तीन नळ्या माझ्या हातात दिल्या आणि आतून मोजायला लावल्या. तिन्ही वेगळ्या निघाल्या. नळीवरचा आकडा विकणाऱ्याने छापलेला असतो, अंगठा आपला असतो, असं तो म्हणाला. त्यानंतर मी कधी हसले नाही.

मी त्याची धाकटी बहीण. सगळे मला छोटी म्हणतात, वय एक्कावन्न. दादा नळ्या निवडायचा, मिस्त्री त्या बसवायचा आणि मी इंजिन चौथऱ्यावर चढवून, पूर्ण वेगात पळवून, त्याला रडवून बघायचे. ते माझं आवडीचं काम. आमच्याकडे येतात ती वेगवान बोटींची इंजिनं: शर्यतीच्या, गस्तीच्या, आणि बेटांवरचे रुग्ण शहरात आणणारी एक बोट. अशा इंजिनात तेल नुसतं असून भागत नाही, ते धावावं लागतं. बोटीत फिल्टर आणि कूलर इंजिनापासून दोन हात लांब, भिंतीवर ठोकलेले असतात. तिथवर जाणाऱ्या-येणाऱ्या नळ्या अरुंद असल्या तर पूर्ण वेगात बेअरिंगना तेल पुरत नाही. बेअरिंग तापतं, चिकटतं, आणि भर समुद्रात इंजिनाचा धोंडा होतो. त्याला आम्ही जाम होणं म्हणतो.

कारखान्याचा नियम एकच, तोही दादानेच केलेला. ज्याच्या चुकीने इंजिन जाम होईल त्याने पाना टेबलावर ठेवायचा आणि घरी जायचं. वीस वर्षांत ही वेळ कुणावर आली नव्हती.

दीड वर्षापूर्वी दादा आजारी पडला. पोटाचं ऑपरेशन, दोन महिने हॉस्पिटल, बावीस किलो वजन गेलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा. दादा म्हणाला, बसतो, पण तिसऱ्या दिवशी उचलायला चार माणसं पाठवा. वहिनीने कपाळाला हात लावला आणि त्याचा डबा भरला. बरोबरच होतं तिचं. या माणसाला दुसरं काही येतच नाही. टीव्ही लावून दिला तर बातम्या ऐकायच्या सोडून आतला पंखा घासतोय म्हणून सांगतो. तो परत आला तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. आला, एवढ्यानेच आम्ही खूश होतो. पुढचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सहा महिन्यांनी शर्यतीच्या एका बोटीचं इंजिन ऐन शर्यतीत जाम झालं. चालक आपटला, खांदा निखळला, पण वाचला. दादाने इंजिन उघडलं, नळ्या काढल्या आणि एका नळीला भिंतीशी जरा जास्त वाक दिलेला होता तो दाखवला. वाक मिस्त्रीने दिलेला. अठरा वर्षं आमच्याकडे असलेला माणूस तो, दिवसाला दहा शब्द बोलणारा. त्याने पाना फडक्याने पुसला, टेबलावर ठेवला आणि गेला. मी दादाशी कडाकडा भांडले. वाक होता, पण इंजिन जाम व्हावं एवढा नव्हता. दादा म्हणाला, नियम म्हणजे नियम. वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तेवढीच विश्रांती मिळाली, असं तो मला म्हणाला.

ही गोष्ट मला खुपत राहिली. तेलाचा दाब आम्ही मोजायचो तो पंपाच्या तोंडाशी, म्हणजे नळ्यांच्या आधी. काटा बसवायची जागा तिथेच असते. तिथे दाब नेहमी उत्तम. पण नळीतून जाऊन पलीकडे किती उरतो ते कोण बघतंय? गेल्या सोमवारी गस्तीच्या बोटीचं इंजिन चौथऱ्यावर होतं. मी शेवटच्या बेअरिंगपाशी भोक पाडून दुसरा काटा बसवला आणि इंजिन पळवलं. तेल तापलं, वेग पूर्ण झाला. पहिला काटा जागचा हलला नाही. दुसरा उतरायला लागला आणि निम्म्यावर आला. मी इंजिन बंद केलं.

नळी काढून आतून मोजली. एकोणीस मिलिमीटर. माझ्या वहीत जुन्या सगळ्या मोठ्या इंजिनांच्या नळ्यांची मापं होती, सगळी बावीस. मग भंगारातून शर्यतीच्या बोटीची ती बदनाम नळी शोधली. तीही एकोणीस. मान वर केली तर समोर दादा, नव्या नळीत अंगठा घालून, डोळे मिटून, अगदी समाधानात. बावीस किलो काही नुसत्या पोटाचे गेले नव्हते. अंगठाही बारीक झाला होता, आणि वर्षभर आम्ही त्याच्या भरवशावर बोटी सोडत होतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि मिस्त्रीच्या बाबतीत चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती, तेही कळलं. पण सांगितलं तर दादा स्वतःच्याच नियमाने घरी बसणार, आणि घरी बसला की संपणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी गप्प बसायचं ठरवलं. गस्तीच्या इंजिनाला गुपचूप बावीसची नळी लावून पुन्हा चाचणी घेतली. दादा आजारातून उठल्यापासून अकरा इंजिनं बाहेर गेली होती, सगळी मोठी. शर्यतीचं एक जाम झालं, उरली दहा. एकेका बोटीला फुकट तपासणीच्या नावाखाली बोलवायचं आणि नळ्या बदलायच्या, असा माझा बेत. दोन झाल्या. तिसरी रुग्णांची बोट. तिचा चालक फोनवर म्हणाला की या आठवड्यात रुग्ण फार आहेत, पुढच्या आठवड्यात आणतो. मी म्हटलं, बरं.

बरं म्हटलं खरं, पण रोज दुपारी त्याला काहीतरी निमित्त काढून फोन करत होते आणि किती फेऱ्या झाल्या ते विचारत होते.

गुरुवारी दादाने गस्तीच्या इंजिनाचा चाचणीचा कागद वाचला. दाब दोन्हीकडे उत्तम. अंगठा माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाला की म्हातारा झालो तरी हा अजून चुकत नाही. मग म्हणाला, मिस्त्रीचा हात चांगला होता, पण निष्काळजी निघाला बिचारा. तो ‘बिचारा’ मला सहन झाला नाही.

“दादा, अंगठा इकडे कर,” मी म्हटलं.

व्हर्नियरचा चिमटा लावून अंगठा मोजला. एकोणीस आणि वर एक केस. मग वही दाखवली, दोन्ही नळ्या दाखवल्या, गस्तीच्या इंजिनावर खरी कुठली नळी आहे तेही सांगितलं. तो आरडाओरडा करेल अशी माझी तयारी होती. त्याने केला नाही. त्याने फक्त विचारलं की एकोणीसच्या नळीच्या किती बोटी पाण्यात आहेत. मी आठ म्हटलं. त्याने स्वतः फोन उचलला. पहिला रुग्णांच्या बोटीला: निम्म्या वेगाच्या वर जायचं नाही आणि आहात तिथून धक्क्याला या. चालक हुज्जत घालायला लागला तेव्हा दादाने त्याला जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. मग उरलेले सात फोन. शेवटची बोट धक्क्याला लागल्याचा निरोप आला तेव्हा पाच वाजले होते. दादाने खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, चल, मिस्त्रीकडे.

मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना अरुंद. दादा प्रत्येक वळणावर थांबून धापा टाकत होता. मी हात धरला नाही, धरला असता तर खेकसला असता. मिस्त्रीने दार उघडलं. खोलीच्या मधोमध कुणाचं तरी वॉशिंग मशीन उघडून पडलं होतं, हल्ली तो तसली कामं घरी आणतो. दादाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. अंगठा, एकोणीस, बावीस. चूक माझी, भोगलीस तू. मला माफ कर, उद्यापासून कामावर ये, मी नियमाप्रमाणे घरी बसतोय.

मिस्त्रीने हातातल्या फडक्याला हात पुसले.

“मला माहीत होतं, दादा,” तो म्हणाला. “पहिली नळी बसवली तेव्हाच हाताला कळलं. पण तुम्ही नुकते उठून आला होतात. तोंड उघडवेना.”

माझे डोळे भरून आले. एवढं सोसलं या माणसाने, दादापायी. आता दादा त्याला पोटाशी धरेल, असं मला वाटलं. दादा खुर्चीवर बसला. त्याचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा पाहिला नव्हता.

“त्या बोटीत माणूस होता, मिस्त्री. तुला माहीत होतं आणि तरी तू नळी बसवलीस. मग तुला काढलं ते बरोबरच होतं. कारण चुकीचं होतं, एवढंच.”

मिस्त्रीने मान हलवली. रागावला नाही, उलट काहीतरी उतरवून ठेवल्यासारखा खाली बसला. मग दादा माझ्याकडे वळला. काय विचारणार ते मला कळलंच होतं. दुपारी मी सगळं अशा थाटात सांगितलं होतं, जणू त्याच सकाळी सापडलं.

“तुला कधी कळलं?”

आज, असं म्हणता आलं असतं. बोटी परत आल्या होत्या, कुणाला काही झालं नव्हतं, आणि विचारायला तिसरं कुणी जाणार नव्हतं.

“सोमवारी,” मी म्हटलं.

रुग्णांच्या बोटीच्या किती फेऱ्या झाल्या, त्याने विचारलं. सात, मी म्हटलं. बुधवारच्या फेरीत तीन दिवसांचं बाळ होतं, हेही सांगून टाकलं, कारण ते मला आतल्या आत खात होतं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी जास्त बोलते. म्हणून घाईघाईने म्हटलं की सातही फेऱ्या नीट झाल्या, बाळ सुखरूप पोचलं, इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

“ते इंजिनाचे उपकार,” दादा म्हणाला. “तुझे नाहीत.”

आणि कठडा धरून तो एकटाच जिना उतरायला लागला.